टपालाने आलेली पिल्ले

१/ एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि तिथला गहू व मांस जहाजे भरभरून युरोपकडे जाऊ लागले. घरच्या ताटाची सोय लागावी म्हणून अमेरिकी कृषी खात्याने एक भित्तिपत्रक काढले. त्याचा आशय असा, की परसात माणशी दोन कोंबड्या पाळल्या तर घराला ताज्या अंड्यांची ददात पडणार नाही. हिशेब सोपा होता. पाच माणसांच्या कुटुंबाला दहा कोंबड्या. मात्र ज्या घरात आजवर एकही कोंबडी नव्हती, त्याने या पहिल्या दहा आणायच्या कुठून?

२/ जुना मार्ग खुडूक कोंबडीचा. पिसे फुलवून घरट्यात ठाण मांडलेल्या कोंबडीखाली डझनभर अंडी ठेवायची आणि २१ दिवस वाट पाहायची. शेतकऱ्याच्या घरी हे सहज होई. शहरातल्या कारकुनाला मात्र पिल्लांसाठी आधी कोंबडीच हवी होती, आणि तीही नेमकी खुडूक झालेली!

३/ यंत्राने अंडी उबवणे तोवर नवे राहिले नव्हते. ईजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी शतकानुशतके उबवली जात होती. अमेरिकेत १८७९ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील पेटालुमा येथे लायमन बाइस याने उबवणी यंत्र तयार केले आणि पुढे ते गाव अंड्यांच्या धंद्यासाठीच ओळखले जाऊ लागले. पिल्ले हजारोंनी निघू लागली. प्रश्न उरला तो ती दूरच्या गिऱ्हाइकापर्यंत जिवंत पोहोचवण्याचा.

४/ त्याचे उत्तर पिल्लाच्या पोटातच होते. कवच फोडण्याच्या थोडे आधी अंड्यातील उरलेला बलक पिल्लाच्या उदरात ओढला जातो. त्या शिदोरीवर ते दोन-तीन दिवस दाणापाण्यावाचून तग धरते. निसर्गात याचे कारण साधे आहे. सगळी अंडी एकाच वेळी फुटत नाहीत. मागून येणाऱ्या भावंडांसाठी कोंबडी बसून राहते आणि आधी निघालेल्यांना तोवर थांबावे लागते. माणसाने या थांबण्याच्या अवधीत रेल्वेचा प्रवास बसवला.

५/ १८९२ मध्ये न्यू जर्सीतील स्टॉक्टन येथून जोसेफ विल्सन याने एक दिवसाची पिल्ले रेल्वे पार्सलने रवाना केली. सरकारी टपालाची पार्सलसेवा १९१३ मध्ये सुरू झाली आणि १९१८ मध्ये, युद्ध चालू असतानाच, टपाल खात्याने ही पिल्ले स्वीकारण्यास मान्यता दिली. जन्मापासून ७२ तासांच्या आत ती पोहोचली पाहिजेत, हा दंडक. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात चार कप्पे, प्रत्येकात पंचवीस पिल्ले. एकमेकांच्या अंगाची ऊब हीच त्यांची शेगडी.

६/ खोके उघडल्यावर खरी परीक्षा सुरू होई. आई नाही, म्हणून पहिला आठवडा सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब द्यायची आणि मग दर आठवड्याला ती थोडी थोडी उतरवायची. थर्मामीटरपेक्षा पिल्लेच अधिक खरे सांगतात. गारठली की ती एका कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि तळातली गुदमरून मरतात. उकडले की चोची वासून दूर पळतात. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवावी लागे, कारण पाणी कुठे आहे हे दाखवायला कोणी नव्हते.

७/ इतके करूनही कित्येक खोकी दहा-बारा दिवसांत रिकामी होत. पांढरी हगवण हा रोग जिवाणूचा असल्याचे लिओ रेटगर याने शतकाच्या वळणावरच दाखवले होते. निरोगी दिसणाऱ्या कोंबडीकडून तो अंड्यात उतरे, आणि अनेक गावांची अंडी एकत्र उबवणारे यंत्र तो सर्वांना वाटून देई. नवख्या माणसाला वाटे, आपणच कुठे चुकलो. कोंबड्यांची रक्ततपासणी राष्ट्रीय योजनेत आली ती १९३५ मध्ये.

८/ जगलेल्यांत निम्मे कोंबडे निघत. एका दिवसाच्या पिल्लात नर-मादी ओळखण्याची जपानी पद्धत अमेरिकेत रुळली ती १९३० च्या दशकात. तोवर जादा कोंबडे वसंतात खाल्ले जात किंवा विकले जात. कोंबडीचे मांस हे अंड्यांच्या धंद्यातले उपउत्पन्नच होते.

९/ ही घडी एका चुकीने मोडली. १९२३ मध्ये डेलावेअरमधील ओशन व्ह्यू येथील सेसिल स्टील या गृहिणीने अंड्यांसाठी ५० पिल्ले मागवली आणि आली ५००. तिने ती परत न पाठवता खास मांसासाठी वाढवली. त्यांतली ३८७ जगली आणि पौंडाला ६२ सेंट या भावाने विकली गेली. १९२६ पर्यंत तिने १०,००० पक्ष्यांची शेड उभारली. शेजाऱ्यांनी तिचा कित्ता गिरवला आणि ब्रॉयलरचा धंदा उभा राहिला. कोंबडी आणि अंडी दुकानात स्वस्त झाल्यावर परसातली खुराडी ओस पडू लागली. ज्या खोक्याने ती भरली होती, तशाच एका खोक्यातून त्यांचा अंत निघाला.

१०/ स्टीलबाईंची पहिली लाकडी शेड आता डोव्हर येथील कृषी संग्रहालयात आहे. वसंत ऋतूत अमेरिकेतल्या टपाल कचेऱ्यांत मात्र चिवचिवणारी खोकी आजही येतात. मुदत अजूनही ७२ तासांचीच.