गॅरेज पाडून परसात घर : कॅलिफोर्नियातले ‘एडीयू’ म्हणजे नेमकं काय?

लॉस एंजेलिसच्या जुन्या वस्त्यांमध्ये एक ठरलेली रचना दिसते. रस्त्याला लागून बैठं घर, घराच्या बाजूने मागे जाणारी अरुंद वाट आणि त्या वाटेच्या टोकाला परसात एक सुटं गॅरेज. गॅरेज गाडीसाठी बांधलेलं असतं, पण गाडी बहुतेक वेळा बाहेरच उभी असते. आत जुनं सामान, सायकली आणि खोकी. गेल्या काही वर्षांत ही गॅरेजं झपाट्याने बदलली आहेत. काहींचं रूपांतर झालं, तर काही पाडून तिथे स्वयंपाकघर आणि बाथरूम असलेलं छोटं, स्वतंत्र घर उभं राहिलं. कायद्याच्या भाषेत त्याला ‘ॲक्सेसरी ड्वेलिंग युनिट’ म्हणजेच ‘एडीयू’ म्हणतात. लोकांच्या तोंडी मात्र ‘ग्रॅनी फ्लॅट’ हेच नाव आहे, म्हणजे आजीचं घर.

आधी हे का करता येत नव्हतं?

अडचण जागेची नव्हती, पार्किंगच्या नियमाची होती. बहुतेक शहरांमध्ये प्रत्येक घरामागे ठरावीक पार्किंग, अनेकदा छपराखालचं, असणं बंधनकारक होतं. गॅरेज काढायचं तर तेवढं पार्किंग त्याच प्लॉटवर दुसरीकडे द्यावं लागायचं, आणि छोट्या प्लॉटवर ते शक्य नसायचं. राज्याने १९८२ मध्येच दुसऱ्या छोट्या घराला कायद्याने वाट करून दिली होती, पण शहरांनी त्यावर इतक्या अटी घातल्या की फार थोड्या लोकांना परवानगी मिळायची.

लोक मात्र थांबले नाहीत. घरांची टंचाई आणि वाढती भाडी यामुळे परवानगी न घेताच गॅरेजमध्ये माणसं राहू लागली. १९८७ मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने केलेल्या पाहणीत लॉस एंजेलिस काउंटीत सुमारे ४२ हजार गॅरेजमध्ये दोन लाखांच्या आसपास लोक राहत असल्याचा अंदाज निघाला होता. अशा गॅरेजमध्ये अनेकदा एकच दार असतं, खिडकी नसते आणि वीज एक्स्टेन्शन वायरवर घेतलेली असते. आग लागली तर बाहेर पडायला वाट मिळत नाही. म्हणून हा विषय फक्त घर सजवण्याचा नाही, जिवाच्या सुरक्षिततेचाही आहे.

कायदा कसा बदलला?

२०१७ : राज्याचे नवे कायदे लागू झाले. सार्वजनिक वाहतुकीच्या अर्ध्या मैलाच्या आत असलेल्या एडीयूला वेगळं पार्किंग मागता येणार नाही, असं ठरलं.

२०२० : सर्वांत मोठा बदल. एडीयूसाठी गॅरेज पाडलं किंवा बदललं, तर गेलेलं पार्किंग भरून देण्याची सक्ती शहराला करता येत नाही. पूर्ण अर्जावर ६० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. त्यासाठी शेजाऱ्यांची सुनावणी होत नाही. ७५० चौरस फुटांपेक्षा लहान एडीयूवर विकास शुल्क लागत नाही.

२०२३ : गॅरेज पाडण्याची परवानगी आणि नव्या बांधकामाची परवानगी एकाच वेळी द्यावी लागते. आधी गॅरेज पाडून बसायचं आणि मग घराच्या परवानगीची वाट पाहायची, ही टांगती तलवार गेली.

२०२५ : १ जानेवारी २०२० पूर्वी विनापरवाना बांधलेली अशी घरं नियमित करून घेणं सोपं झालं. मात्र राहणाऱ्याच्या जिवाला किंवा आरोग्याला धोका असेल तर आधी दुरुस्ती करावीच लागते.

पाडायचं की आहे तेच बदलायचं?

दोन गाड्यांचं गॅरेज साधारण २० बाय २० फूट, म्हणजे ४०० चौरस फुटांचं असतं. आहे ते बदललं तर जुन्या भिंती हद्दीला अगदी लागून असल्या तरी चालतात. गॅरेज पाडून त्याच जागी, त्याच मापाचं बांधकाम केलं तरी ही सवलत मिळते. नव्या जागी किंवा मोठं बांधायचं असेल, तर बाजूने आणि मागून ४ फुटांपर्यंत अंतर सोडावं लागू शकतं. पण मग ८०० चौरस फूट आणि १६ फूट उंचीपर्यंतचं घर शहराला सहसा नाकारता येत नाही.

कागदावर रूपांतर स्वस्त वाटतं. पण जुन्या गॅरेजची फरशी पाणी बाहेर जावं म्हणून दाराकडे उतरती असते, अनेकदा तडकलेली असते आणि तिच्याखाली ओल अडवणारा थर नसतो. पाया उथळ असतो, भिंती बारीक लाकडी चौकटीच्या असतात आणि त्यात उष्णतारोधक थर नसतो. कॅलिफोर्निया हा भूकंपाचा प्रदेश आहे, त्यामुळे तिथे माणसं राहणार असतील तर पाया आणि भिंती मजबूत कराव्याच लागतात. दुरुस्तीची यादी वाढत गेली की पाडून नव्याने बांधणं परवडतं.

खरा खर्च कुठे लपलेला असतो?

बहुतेकांचं लक्ष भिंती आणि छपराकडे असतं, पण पैसा जमिनीखालीही जातो. बाथरूम आणि स्वयंपाकघराचं सांडपाणी उताराने रस्त्याकडच्या मुख्य वाहिनीपर्यंत न्यावं लागतं. परस रस्त्यापेक्षा खाली असेल तर पंप बसवावा लागतो. जुन्या घराचं १०० अँपिअरचं वीज पॅनेल अनेकदा पुरत नाही. नव्याने बांधलेल्या सुट्या एडीयूला सहसा सोलर पॅनेलही लागतात, जुन्या गॅरेजच्या रूपांतराला ते लागत नाहीत. १९७८ पूर्वीच्या बांधकामात शिशाचा रंग आणि ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे पाडण्याआधी तपासणी करून घेणं गरजेचं असतं. सगळं धरून नव्या घराचा खर्च सहज एक लाख डॉलरच्या पुढे जातो.

मालमत्ता कर मात्र सगळ्या घराचा नव्याने ठरत नाही. १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’मुळे जुन्या घराचं मूल्यांकन तसंच राहतं, भर फक्त नव्या बांधकामाची पडते.

एकच खोली, अनेक उपयोग

अशा घराची खरी किंमत त्याच्या लवचीकपणात आहे. आज ऑफिस, उद्या शिकून परतलेल्या मुलीची खोली, परवा भाडेकरू. काही वयस्कर मालक स्वतः मागच्या छोट्या घरात राहायला जातात आणि पुढचं मोठं घर भाड्याने देतात. बे एरियातल्या मराठी कुटुंबांना हा हिशेब लगेच कळेल. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईवडिलांना साधारणपणे एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. ते असताना स्वतंत्र दार आणि स्वतंत्र चूल, ते परत गेल्यावर तीच जागा घरून काम करायला.

त्यासाठी आराखड्यातच काही गोष्टी धराव्या लागतात : भिंतीत दुमडणारा पलंग, सरकते दरवाजे, उंबरा नसलेलं प्रवेशद्वार आणि व्हीलचेअर वळेल एवढं बाथरूम. या गोष्टी नंतर करायच्या म्हटलं तर तोडफोड होते.

हे लक्षात ठेवा

स्वयंपाकघर आणि बाथरूम नसलेली परसातली खोली कायद्याने घर ठरत नाही, त्यामुळे ती राहण्यासाठी भाड्याने देता येत नाही. ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीने भाड्याने देण्यावर अनेक शहरांत बंदी आहे. एडीयू मुख्य घरापासून वेगळं विकता येईल की नाही, हे त्या शहराने तसा नियम केला आहे का, यावर ठरतं. सॅन होजेने तो २०२४ मध्ये केला.

विनापरवाना काम करून पैसे वाचतात असं वाटतं. पण आग लागली, विम्याचा दावा करायची वेळ आली किंवा घर विकायला काढलं, की तोच खर्च व्याजासकट समोर येतो. परवानगी आता बरीच सोपी झाली आहे, त्यामुळे ती टाळण्याचं जुनं कारण उरलेलं नाही.