चपलेचे पॅडल

रोवणीच्या दिवसांत गोंदिया जिल्ह्यात सायकलवरून बांधीकडे निघालेल्या माणसाच्या पायात साधी रबरी चप्पल असते. कधी तीही हँडलला अडकवलेली असते आणि चिखलाने माखलेला अनवाणी पाय थेट पॅडलवर असतो. सायकलच्या इतिहासात हा पाय क्वचितच दिसतो, कारण तो इतिहास बहुधा शर्यतीच्या बुटांकडे पाहून लिहिला गेला आहे.

१८६० च्या दशकात पॅरिसमधील मिशो यांच्या सायकलींना पॅडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले असे. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची साखळीवर चालणारी ‘रोव्हर’ आली. पॅडल दोन चाकांच्या मध्ये स्थिरावले आणि सायकल सामान्य माणसाच्या आवाक्यात येऊ लागली.

पुढे दोन वाटा फुटल्या. शर्यतपटूंनी दातेरी पोलादी पॅडल पत्करले. सापळ्यासारख्या रूपामुळे इंग्रजीत त्याला उंदराच्या सापळ्याचेच नाव पडले. त्यावर पाय जखडणारे पट्टे आले. १९८४ मध्ये ‘लुक’ या फ्रेंच कंपनीने बूटच पॅडलमध्ये अडकवणारी रचना बाजारात आणली आणि १९८५ मध्ये बर्नार्ड इनो यांनी तिच्यासह टूर द फ्रान्स जिंकली. हे पॅडल वेगवान खरे, पण त्याच्या खास बुटाशिवाय जवळजवळ निरुपयोगी!

दुसरी वाट रबराची. ब्रिटिश रोडस्टर सायकलींबरोबर रबरी ठोकळ्यांचे पॅडल भारतात रुळले. १९४९ मध्ये मद्रासला टीआय सायकल्स, १९५६ मध्ये लुधियान्याला हीरो सायकल्स उभी राहिली. सायकल देशी झाली, पॅडल मात्र तेच राहिले. त्याला केवळ जुनी सवय म्हणणे अन्यायाचे ठरेल. बुटाचा टणक तळ भार स्वतःच पसरवतो. चपलेचा पातळ तळ दुमडतो, म्हणून भार पसरवण्याचे काम पॅडललाच करावे लागते. अरुंद पोलादी पट्टी अशा वेळी तळपायाला रुतते. रुंद, खाचांचे रबर ओल्या पायालाही बऱ्यापैकी धरून ठेवते. आजच्या सपाट धातूच्या पॅडलवरील टोकदार खिळे स्पोर्ट्‌स शूजला उत्तम पकडतात, पण चपलेचा तळ कुरतडतात, आणि पाय घसरला तर नडगी सोलतात.

(जाता जाता: डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. सरळ आट्यांचे पॅडल त्या बाजूला चालवता चालवता सैल झाले असते. नवी जोडी बसवताना डावे-उजवे पाहूनच पाना लावावा लागतो.)

हा प्रश्न गतकाळात जमा झालेला नाही. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात गोंदियाचा समावेश आहे. त्यातून शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. सालेकसा, देवरी भागातल्या मुलीला पावसाळ्यात सँडल घालून शाळा गाठायची असते. तिच्यासाठी पॅडल निवडताना वजनाचे ग्रॅम मोजण्यात अर्थ नाही. चवडा पूर्ण मावेल एवढी रुंदी, खोल खाचा आणि बदलता येणारे रबर एवढे पाहावे. ठोकळे झिजून गळून पडले की पायाखाली नुसत्या गुळगुळीत सळ्या उरतात, आणि भर पावसात पाय निसटतो तो त्यांवरूनच.