दाराशी ठेवलेले पाणी

आमच्या घरात कोणी बाळंत झाले, की त्या खोलीच्या दाराशी पाण्याची बादली आणि तांब्या येऊन बसे. बाहेरून कोणीही येवो, हात-पाय धुतल्याशिवाय आजी त्याला उंबरा ओलांडू देत नसे. शाळेतून धावत आलेला मी एकदा तिला म्हणालो, “आजी, माझे हात स्वच्छ आहेत गं!” तिने माझ्या हातांकडे पाहिलेसुद्धा नाही. “दिसतात स्वच्छ. धू आधी,” एवढेच ती म्हणाली.

असे का, हे आजीला सांगता आले नसते. पण तिच्याहून कितीतरी विद्वान माणसांना हीच गोष्ट पटवून देताना एका तरुण डॉक्टराचे आयुष्य कसे खर्ची पडले, ती हकीकत पुढे मोठेपणी माझ्या वाचनात आली. फराळाच्या ताटाशेजारी ती सांगताना थोडा संकोच वाटतो. पण ज्या घरात लेकी-सुना आहेत, त्या प्रत्येक घराचे तिच्याशी नाते आहे.

गोष्ट व्हिएन्ना शहरातली. सम्राट दुसरा जोसेफ याने 1784 साली तेथे एक प्रचंड सार्वजनिक रुग्णालय उघडले. गोरगरीब बायका बाळंतपणासाठी तेथे येत. पुढे तेथील प्रसूतिगृहाचे दोन विभाग झाले. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. एक दिवस पहिल्या विभागात भरती होई, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या विभागात. छप्पर एक, अन्न एक, गरिबीही एकच.

मरण मात्र एक नव्हते. 1846 साली पहिल्या विभागात 4010 बाळंतपणे झाली आणि 459 बायका दगावल्या. दुसऱ्या विभागात 3754 बाळंतपणे झाली, तेथे दगावल्या 105. रोगाचे नाव सूतिकाज्वर. बाळंतपण सुखरूप पार पडे, आणि मग ताप चढे, पोट फुगे, चार दिवसांत सारे आटोपे.

शहरातल्या बायकांना हे ठाऊक होते. आपला दिवस पहिल्या विभागाचा आहे असे कळले, की त्या गुडघे टेकून, हात जोडून विनवणी करीत, “आम्हांला तिकडे पाठवा.” कित्येकींची तर वाटेतच, रस्त्यावर सुटका होई. आणि नवल असे, की रस्त्यावर बाळंत झालेल्या बायका सहसा दगावत नसत!

विद्वानांनी मात्र नाना कारणे शोधली होती. कोणी म्हणे, हवाच दूषित आहे. कोणी म्हणे, गर्दी फार. पण गर्दी तर दुसऱ्या विभागात अधिक होती. एका चौकशी समितीने परदेशी विद्यार्थ्यांच्या आडदांड हातांवर ठपका ठेवला आणि विद्यार्थ्यांची संख्या कमी केली. आणखी एक कारण तर असे सांगण्यात आले, की पहिल्या विभागाची बायकांना भीती वाटते, म्हणून त्या मरतात! ज्या बायकांनी धोका सर्वांआधी ओळखला होता, त्यांचे ते ओळखणेच रोगाचे मूळ ठरले.

1846 च्या जुलैमध्ये या पहिल्या विभागात इग्नाझ सेमेलवाइस हा अठ्ठावीस वर्षांचा साहाय्यक रुजू झाला. बुडा गावच्या एका वाणसामान विकणाऱ्याचा हा मुलगा. त्याने एकेक कारण तपासून बाजूला सारले. एकच आकाश दोन्ही विभागांवर आहे, मग हवा एकाच विभागात कशी बिघडेल? भीती मरणाच्या मागून आली, पुढून नव्हे. मरणासन्न बाईसाठी पाद्री येत तेव्हा त्यांच्यापुढे घंटा वाजत असे. तिचा धसका बायका घेतात म्हणावे, तर त्याने ती घंटाही बंद करवून पाहिली. मरणे थांबली नाहीत.

1847 च्या मार्चमध्ये तो व्हेनिसहून सुटी संपवून परतला, तो वाईट बातमी ऐकायलाच. त्याचे स्नेही प्राध्यापक कोलेच्का शवविच्छेदन करीत असता एका विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटाला लागली होती, आणि त्यातच त्यांचा अंत झाला होता. सेमेलवाइसने त्यांच्या शवपरीक्षेचा अहवाल वाचला. ओळीमागून ओळ वाचताना त्याच्या ध्यानात आले, की हे तर सूतिकाज्वराचेच वर्णन आहे.

मग सारे उलगडले. विद्यार्थी आणि डॉक्टर सकाळी शवागारात प्रेते फाडीत आणि तेथून थेट प्रसूतिगृहात येत. हात साबणाने धूत, पण प्रेताचा वास हातांवरून जात नसे. सुईणी शवागारात जात नसत. मरण हवेतून येत नव्हते. ते शिकल्यासवरल्या हातांवरून येत होते.

मेच्या मध्यापासून त्याने दाराशी क्लोरीनचे पाणी ठेवले. पुढे स्वस्त पडते म्हणून क्लोरीनचा चुना, म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर, पाण्यात कालवून तो वापरू लागला. त्यात हात धुतल्याखेरीज कोणी बाळंतिणीला शिवायचे नाही, असा नियम केला. एप्रिलमध्ये 312 बाळंतपणांत 57 मृत्यू झाले होते. जूनमध्ये 268 बाळंतपणांत 6, जुलैमध्ये 250 त 3. पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये आणि ऑगस्टमध्ये पहिल्या विभागात एकही बाई दगावली नाही.

ऑक्टोबरात आणखी एक ठेच लागली. गर्भाशयाचा सडका कर्करोग झालेल्या एका बाईला तपासून डॉक्टरांनी केवळ साबणाने हात धुतले आणि पुढच्या बारा बायका तपासल्या. त्यांपैकी अकरा गेल्या. म्हणजे विष केवळ प्रेताचे नव्हते, जिवंत रोग्याचेही होते. तेव्हापासून दर रोग्यागणिक हात धुण्याचा नियम झाला.

इतका उघड पुरावा हाती असता जगाने त्याला डोक्यावर घ्यावयाचे! पण 1849 मध्ये त्याची नेमणूक पुढे चालू ठेवण्यात आली नाही. काही दोष त्याचाही होता. लिहिण्याचा त्याला कंटाळा. ग्रंथ बाहेर पडायला 1860 उजाडले, आणि पुढे विरोधकांना त्याने जाहीर पत्रांतून खुनी म्हटले. पण खरी अडचण निराळी होती. त्याचे म्हणणे मान्य करणे म्हणजे मृतांच्या नोंदवहीत मारणारा म्हणून स्वतःचे नाव लिहिणे. स्वतः सेमेलवाइसने ते लिहिले होते. प्रेतांची चिरफाड इतरांपेक्षा अधिक त्यानेच केली होती, आणि आपल्यामुळे किती बायका अकाली गेल्या हे देवच जाणे, अशी कबुली त्याने दिली. कील येथील मायकेलिस या प्रसूतितज्ज्ञालाही हे पटले, पण आपल्याच हातून नात्यातली एक बाई गेली हे उमगल्यावर ते ओझे त्याला पेलले नाही. 1848 मध्ये त्याने आपल्या आयुष्याचा शेवट केला. बाकीच्यांनी सोपी वाट धरली. त्यांनी हिशेबच नाकारला.

पेस्टमधल्या एका रुग्णालयात सेमेलवाइसने पुढे सहा वर्षे काम केले. तेथे 933 बाळंतपणांत सूतिकाज्वराने केवळ 8 बायका गेल्या. पण मन खचत गेले. 1865 च्या जुलैअखेर त्याला फसवून व्हिएन्नाच्या वेड्यांच्या इस्पितळात नेले, आणि 13 ऑगस्टला तो तेथेच वारला. वय अवघे सत्तेचाळीस. तेथल्या पहारेकऱ्यांच्या मारहाणीत झालेल्या जखमा चिघळल्या असाव्यात, असे पुढच्या अभ्यासकांचे मत आहे. ज्या विषाशी तो उभा जन्म झगडला, तेच त्याच्या रक्तात भिनले. आदल्याच दिवशी ग्लासगो येथे जोसेफ लिस्टरने पाय मोडलेल्या अकरा वर्षांच्या एका मुलाच्या जखमेला कार्बोलिक आम्ल लावले होते. तो मुलगा बरा झाला. 1879 मध्ये पाश्चरने पॅरिसच्या विद्वत्सभेत सूतिकाज्वराचे जंतूच फळ्यावर काढून दाखविले.

आता जंतूंवर कोणाला शंका नाही. तरीही जागतिक आरोग्य संघटनेला 2005 साली रुग्णालयांतल्या हात धुण्यासाठी जगभर मोहीम काढावी लागली, आणि 5 मे हा दिवस त्यासाठी दरवर्षी पाळावा लागतो. ज्ञान पुस्तकात आले म्हणजे हातात आले, असे होत नाही, हे मी मास्तर असल्यामुळे चांगले जाणतो. शिवाय घाईत असलेल्या, थकलेल्या, सज्जन माणसालाही आपले हात स्वच्छच वाटतात.

म्हणून घरच्या माणसांनी विचारावे. रुग्णालयात खाटेशी बसलेल्या आईने, बहिणीने, नवऱ्याने नम्रपणे म्हणावे, “डॉक्टरसाहेब, हात धुतलेत ना?” यात कोणाचा अपमान नाही. व्हिएन्नाच्या त्या बायका गुडघे टेकून हेच तर सांगत होत्या, पण त्यांना विचारलेच कोणी नाही.

परवा आमच्या घरी नवे बाळ आले. आजी आता नाही. पण खोलीच्या दाराशी बादली आणि तांब्या कोणीतरी न सांगता ठेवलेला दिसला. मी शाळेतून आलो, उंबऱ्याशी थांबलो, हात पाहिले. स्वच्छ होते. तरी धुतले.