मार्पल, मिस

ॲगाथा क्रिस्ती (पहा : क्रिस्ती, ॲगाथा) यांच्या रहस्यकथांतील हौशी शोधक, सेंट मेरी मीड या काल्पनिक इंग्रज खेड्यातील अविवाहित वृद्धा. ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’मधील (१९२६) कॅरोलाइन शेपर्ड या चौकस पात्रातून ती सुचली असावी, असे क्रिस्तींनी म्हटले आहे. १९२७ मध्ये ती प्रथम कथेत आली. पहिली कादंबरी ‘द मर्डर ॲट द व्हिकारेज’ (१९३०). तीत शेजारच्या पाद्र्याच्या अभ्यासिकेत कर्नल प्रोथेरो यांचा गोळी घालून खून होतो. बागकाम आणि पक्षिनिरीक्षण करताना लोकांच्या येण्याजाण्यावर तिची नजर असतेच. खुनाचा उलगडाही तीच करते. गावातल्या ओळखीच्या माणसांच्या स्वभावाशी संशयितांचे वागणे ताडून पाहणे, ही तिची खरी पद्धत. एकूण १२ कादंबऱ्या व २० कथा. हिंसेचे तपशील टाळणारी, लहान वस्तीतली रहस्यकथा (पहा : रहस्यकथा) रूढ होण्यात या पात्राचा वाटा मोठा आहे.