लाइब्निझला न पडलेले अवयव

परवा भाचीच्या वहीत ‘क्ष⁴ + ४’ दिसलं आणि नववीतली चाचणी आठवली. ‘पूर्ण अवयव पाडा’ या प्रश्नाखाली मी ठासून लिहिलं होतं, ‘अवयव पडत नाहीत.’ वर्गांतराचं सूत्र पाठ होतं, त्यात मध्ये वजाचं चिन्ह लागतं. इथे तर अधिक! भोपळा मिळाला. पुढे कित्येक वर्षं गणित म्हटलं की पोटात गोळा यायचा.

ते दुःख हलकं झालं लाइब्निझची गोष्ट वाचल्यावर. कॅल्क्युलसच्या दोन जनकांपैकी हा एक. १७०२ साली लाइप्झिगच्या ‘आक्टा एरुडिटोरम’मध्ये त्याने लिहिलं, की क्ष⁴ + अ⁴ चे वास्तव संख्या वापरून दोन वर्ग अवयव पडत नाहीत. म्हणजे माझंच उत्तर!

त्याच्यासाठी हा मार्कांचा प्रश्न नव्हता. अपूर्णांकाचं संकलन (इंटिग्रेशन) करायचं तर छेदाचे अवयव पाडावे लागतात. ते एकघाती किंवा वर्ग असले, की उत्तर लॉगॅरिथम आणि वर्तुळाच्या कंसात बसतं. हा छेद फुटत नसेल तर ती वाटच बंद. तो मुळं शोधत गेला आणि √−१ च्या वर्गमुळापाशी अडला. ही मुळं योग्य जोड्या लावून गुणली, की काल्पनिक भाग उडून जातो, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

लाइब्निझ १७१६ मध्ये वारला. १७१९ मध्ये निकोलाउस बर्नुलीने ही चूक दाखवली. २अ²क्ष² मिळवायचं आणि लगेच वजा करायचं, बस्स:

(क्ष² + अ²)² − २अ²क्ष²

झालं की वर्गांतर! अवयव आले (क्ष² + √२अक्ष + अ²) आणि (क्ष² − √२अक्ष + अ²).

आता अ = √२ घ्या. √२ चक्क नाहीसा होतो आणि माझं गणित सुटतं: (क्ष² + २क्ष + २)(क्ष² − २क्ष + २). हे दोन कंस मात्र वास्तव संख्यांत आणखी फुटत नाहीत.

भाचीला हे सगळं रंगवून सांगितलं. तिने लगेच विचारलं, “मग क्ष⁴ + १ चे?”

म्हटलं, “पूर्णांकच वापरायचे असतील तर नाही पडत. √२ चालत असेल तर दोन पडतात. काल्पनिक संख्याही घेतल्यास तर चार.”

“मामा, परीक्षेत यातलं काय लिहायचं?”

“ते तुझ्या बाईंना विचार,” म्हटलं.