‘निर्णय द्या’ या हुकमाची कुळी

चारठाण्याच्या एखाद्या इसमावर जिंतूरच्या कोर्टात मुकदमा चालला आणि निकाल लागेपर्यंत तो परभणीच्या कारागृहात कच्चा कैदी म्हणून राहिला, तर ते दिवस पुढील शिक्षेतून वजा व्हावेत, अशी तरतूद 1 एप्रिल 1974 रोजी अमलात आलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 428 ने केली. 1898 च्या संहितेत ती नव्हती. जन्मठेपेच्या कैद्यासही तिचा लाभ आहे, हे 1985 साली भगीरथ खटल्यात ठरले. हे सर्वश्रुतच आहे. माझे कुतूहल अडले ते निराळ्याच ठिकाणी: वजावटीचा अर्ज दप्तरात पडून राहिला, तर खुद्द न्यायाधीशाला ‘निर्णय द्या’ असे फर्मावणारा हुकूम मुळात आला कोठून?

विधिग्रंथ बोट दाखवतात ते 1615 च्या जेम्स बॅग खटल्याकडे, ज्यात इंग्लंडातील प्लिमथ नगराच्या एका पदच्युत सभासदाची बाजू मुख्य न्यायमूर्ती कोकने उचलून धरली आणि ज्यापासून ‘मँडॅमस’ या आज्ञापत्राचा (रिटचा) वंश मोजण्याची रूढी पडली. मला ही कुळी मान्य नाही. बॅगला हवे होते ते गेलेले पद. आपल्या कैद्याचे मागणे केवळ निकालाचे, मग तो प्रतिकूल का असेना! हा स्वभाव ‘प्रोसिडेंडो’ नामक आज्ञापत्राचा: न्यायाधीश चालढकल करू लागला की ते चॅन्सरीतून सुटे, निकाल देण्यास फर्मावी, परंतु कोणता निकाल द्यावा याविषयी मौन पाळी, असे इंग्रज विधिज्ञ ब्लॅकस्टन सांगतो. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या घटनेत ते नावानिशी टिकले असून तेथील कैदी याच वजावटीसाठी त्याचा आश्रय घेतात. मँडॅमसही कनिष्ठ न्यायालयांवर चाले, असा आक्षेप काढला जाईल. ते खरेच, पण थोरल्याने धाकट्याचे वतन बळकावले, एवढाच त्याचा अर्थ मी लावतो.

आपल्याकडे 1877 च्या स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या कलम 45 ने सरकारी अंमलदारांच्या पंक्तीत कनिष्ठ न्यायालयासही बसवले, मात्र हुकमाची हद्द मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांपुरती आखली. ही कुंपणे कोणाच्या भयाने? माझा संशय पुण्याच्या एका मुलावर आहे. मोरो रघुनाथ या त्या मुलास हजर करा, असे हेबिअस कॉर्पसचे फर्मान मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने, तो ज्यांच्या ताब्यात होता त्या पांडुरंग रामचंद्र ढमढेरे यांच्यावर काढले. मुंबईचे गव्हर्नर माल्कम यांनी ते पुण्यात चालू दिले नाही. संतापलेल्या न्यायमूर्ती ग्रँट यांनी 1829 साली कोर्टच बंद केले, आणि प्रिव्ही कौन्सिलने कौल दिला तो ग्रँट यांच्या विरुद्ध. तो तंटा 1877 साली विस्मृतीत गेला असेल, हे मला संभवनीय वाटत नाही.

चारठाणे तर निजामाच्या अमलातले. तेथे ही आज्ञापत्रे पोहोचली ती 1950 च्या राज्यघटनेने. पुढे 1966 च्या मिरजकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने न्यायालयीन आदेश रिटच्या कक्षेबाहेर ठेवले. उरली ती घटनेच्या अनुच्छेद 227 खालील उच्च न्यायालयाची देखरेख, जी 27 ऑगस्ट 1981 पासून तेव्हाच्या औरंगाबादेत बसू लागलेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडून मागता येऊ लागली. तिच्या आधारे निघणाऱ्या अशा हुकमात अर्ज अमुक आठवड्यांत निकाली काढावा, एवढेच बजावलेले असते, आणि खाली बहुधा एक ओळ जोडलेली असते की, गुणदोषांवर आम्ही कोणतेही मत व्यक्त केलेले नाही.