खोट्या खलित्यांवर उभी राहिलेली शांतता

नोकरीच्या सुरुवातीच्या काळातील गोष्ट आहे. दोन कार्यालयांमध्ये एका जागेच्या हस्तांतरणाचा प्रश्न अडला होता. हरकत कोणाचीच नव्हती. परंतु पहिले पत्र लिहिणारा तो याचक ठरतो, या समजुतीने दोघेही स्वस्थ बसले होते. समन्वयाचे काम माझ्याकडे होते. एका संध्याकाळी मी दोघांनाही कळवले, की समोरच्याने तोंडी प्रस्ताव मांडला आहे. वस्तुतः तसे काहीच घडले नव्हते. पंधरवड्यात काम मार्गी लागले, माझे कौतुकही झाले. पुढे कोरिया आणि जपान यांच्यातील राजदूतांचा इतिहास वाचताना ती नस्ती मला पुन्हा आठवली.

१५९२ ते १५९८ या काळात जपानच्या हिदेयोशीने कोरियावर दोन स्वाऱ्या केल्या. देश उद्ध्वस्त झाला, हजारो माणसे कैदी म्हणून जपानात नेली गेली. हिदेयोशीच्या मृत्यूनंतर युद्ध थांबले व लवकरच तोकुगावा इएयासूच्या हाती सत्ता आली. त्यालाही सलोखा हवा होता. पण कोरियाच्या चोसन दरबाराने दोन अटी घातल्या : जपानच्या सत्ताधीशाने प्रथम पत्र पाठवावे आणि युद्धकाळात राजघराण्याच्या थडग्यांची विटंबना करणारे गुन्हेगार स्वाधीन करावेत. प्रथम पत्र पाठवणे म्हणजे चूक कबूल करणे. ते इएयासू कसे करणार?

या दोहोंच्या मध्ये होते त्सुशिमा बेट. पुसानपासून ते सुमारे ५० किलोमीटरवर आहे. भूमी डोंगराळ, भातशेती नगण्य. कोरियाशी व्यापार होता म्हणून तेथील सो घराण्याचे राज्य चालत होते. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला सर्वांत बोलकी वाटते ती ही गोष्ट. तह लांबला तर सोल आणि एदोची केवळ प्रतिष्ठा अडकून पडणार होती. त्सुशिमाची मात्र चूल विझणार होती.

१६०६ मध्ये इएयासूच्या नावाचे पत्र चोसन दरबारी पोहोचले. ते त्सुशिमातच तयार झाले होते, असे बहुतेक अभ्यासक मानतात. सोबत दोन ‘गुन्हेगार’ही पाठवले गेले. ते बेटावरचेच दुसऱ्या गुन्ह्यांतील कैदी होते. थडग्यांशी त्यांचा संबंध नव्हता. चोसन दरबाराला संशय आला. परंतु उत्तर सीमेवर जुर्चेन टोळ्यांचे संकट वाढत होते आणि आपली माणसे परत आणायची होती. दरबाराने संशय गिळला आणि त्या दोघांचा शिरच्छेद केला.

१६०७ मध्ये पहिले दूतमंडळ जपानला गेले. त्यांच्याजवळचा खलिता अर्थातच ‘उत्तरादाखल’ होता. पण एदोने मुळात पत्रच लिहिले नव्हते! तेव्हा त्सुशिमाने वाटेत तोही बदलला. १६१७ आणि १६२४ च्या दूतमंडळांच्या वेळीही हेच घडले. शोगुनच्या पत्रात ‘राजा’ हे अक्षर नसे, ते त्सुशिमात घातले जाई. चोसनच्या राजमुद्रेच्या बनावट नकला सो घराण्याच्या वस्तूंत पुढे सापडल्या आहेत.

अखेर घरातच फूट पडली. सो योशिनारी आणि त्याचा वजनदार कारभारी यानागावा शिगेओकी यांच्यात तंटा झाला आणि कारभाऱ्याने सारे प्रकरण एदोसमोर उघड केले. १६३५ मध्ये शोगुन इएमित्सूने निवाडा दिला. सो घराण्याचे राज्य कायम राहिले. गुपित फोडणारा यानागावा दूर उत्तरेस हद्दपार झाला. न्याय म्हणून हा निवाडा विचित्र आहे. परंतु कोरियाशी बोलायला दुसरा मध्यस्थ नव्हता, हे इएमित्सू जाणून होता. मात्र त्याने व्यवस्था बदलली. क्योटोच्या झेन मठांतील विद्वान भिक्षू पाळीपाळीने त्सुशिमात राहून पत्रव्यवहारावर देखरेख करू लागले आणि शोगुनसाठी ‘तायकुन’ ही नवी पदवी ठरली. ‘राजा’ घुसडण्याची गरजच उरली नाही.

१६३६ पासून दूतमंडळांना ‘थोंगसिनसा’, म्हणजे विश्वासाची देवाणघेवाण करणारे दूत, हे नाव मिळाले. १८११ पर्यंत एकूण १२ दूतमंडळे गेली. बहुतेकांत चार-पाचशे माणसे असत. वाटेवर जपानी पंडित काव्य आणि औषधोपचार यांवर त्यांच्याशी चर्चा करण्यासाठी गर्दी करीत. १७६३ मध्ये निघालेल्या दूतमंडळाचा प्रमुख जो ओम याने त्सुशिमातून रताळी मायदेशी धाडली. २०१७ मध्ये या दूतमंडळांची कागदपत्रे दोन्ही देशांतील संस्थांच्या संयुक्त प्रस्तावावरून युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदीत समाविष्ट झाली.

त्याच त्सुशिमाच्या सेवेत पुढे अमेनोमोरी होशू हा विद्वान होऊन गेला. तो कोरियन भाषा शिकला. शेजाऱ्याशी व्यवहार करताना फसवू नये, भांडू नये, सत्याला धरून वागावे, असे त्याने १७२८ मध्ये आपल्या धन्याला लिहून दिले. १९९० मध्ये दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष रो ते-वू यांनी टोकियोतील भाषणात त्याचा आदराने उल्लेख केला.

त्सुशिमाच्या लेखनिकांना मी सहज दोषी ठरवू शकत नाही. त्यांच्या खोटेपणामुळे कित्येक कैदी घरी परतले. परंतु त्याच खोटेपणापायी दोन माणसे न केलेल्या गुन्ह्यासाठी मेली. माझ्या त्या नस्तीने कोणाचा बळी घेतला नाही, हे माझे भाग्य. आज एखादा तरुण अधिकारी तसाच मसुदा घेऊन आला, तर मी सही करणार नाही. दोन्ही कार्यालयांना एकाच टेबलाशी बोलावीन. वेळ अधिक लागेल, हे मान्य आहे.